पोलिसांविरुद्धचा दावा : फेटाळणीनंतरचे अपील

बेकायदा अटक, डांबून ठेवणे, कोठडीतील मारहाण किंवा द्वेषमूलक खटला यांबद्दल पोलीस अधिकारी व राज्य शासन यांच्याकडून नुकसानभरपाई मागणारा दिवाणी दावा फेटाळला गेल्यास वरिष्ठ न्यायालयाकडे मागितली जाणारी दाद. असे दावे भारतात अपकृत्य कायद्याच्या तत्त्वांवर चालतात. त्यांची व अपिलाची कार्यपद्धती दिवाणी प्रक्रिया संहिता, १९०८ मध्ये आहे.

फेटाळणीची कारणे : बरेच दावे गुणदोषांपर्यंत न पोचता तांत्रिक मुद्द्यांवर अडतात. पदाच्या नात्याने केलेल्या कृत्याबद्दल दावा लावण्यापूर्वी संहितेच्या कलम ८० प्रमाणे दोन महिन्यांची नोटीस लागते. महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ चे कलम १५९ सद्‌भावनेने केलेल्या कृत्यास संरक्षण देते, तर कलम १६१ कर्तव्याच्या नावाखाली केलेल्या कृत्याबद्दलच्या दाव्यास सहा महिन्यांची मुदत घालते. मात्र कबुलीसाठी मारहाण करणे किंवा डांबणे हे कर्तव्यात बसत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्र राज्य वि. आत्माराम (१९६६) या प्रकरणात ठरवले. मुदतीच्या मुद्द्यावर हरलेल्या अपिलार्थीला हा निर्णय विशेष उपयोगी पडतो.

अपिलाचा मार्ग : तो फेटाळणीच्या स्वरूपावर अवलंबून असतो. आदेश ७, नियम ११ खाली वादपत्र नामंजूर झाले, तर तो निर्णय हुकूमनामा मानला जातो व त्यावर कलम ९६ खाली पहिले अपील चालते. मुदत शिल्लक असल्यास नवे वादपत्रही दाखल करता येते. पूर्ण सुनावणीनंतर दावा फेटाळला गेला, तरी अपील कलम ९६ खालीच होते. वादीच्या गैरहजेरीमुळे दावा निकाली निघाला असेल, तर आधी तो पुन्हा दाखल करून घेण्याचा अर्ज करावा लागतो. तो नाकारला गेल्यास त्या आदेशावर अपील करता येते.

न्यायालय व मुदत : उदाहरणार्थ, रत्नागिरीतील दिवाणी न्यायालयाच्या निकालावरील अपील दाव्याच्या मूल्यांकनानुसार जिल्हा न्यायालयात किंवा मुंबई उच्च न्यायालयात जाते. मुदत अनुक्रमे ३० व ९० दिवसांची असून निकालाची प्रमाणित नक्कल मिळण्यास लागलेला काळ तीतून वगळतात. पुरेसे कारण दाखवल्यास विलंब माफ होऊ शकतो. १८ ऑगस्ट २०२५ पासून रत्नागिरी जिल्हा उच्च न्यायालयाच्या कोल्हापूर सर्किट बेंचच्या कक्षेत आहे.

सुनावणी : पहिल्या अपिलात पुरावा व कायदा दोन्ही नव्याने तपासले जातात. न्यायालय दावा मंजूर करू शकते किंवा फेरसुनावणीसाठी परत पाठवू शकते. जादा पुरावा मात्र अपवादानेच घेतला जातो. दुसरे अपील (कलम १००) केवळ कायद्याच्या महत्त्वाच्या प्रश्नावर उच्च न्यायालयात चालते.

शासनाची जबाबदारी : कस्तुरीलाल प्रकरणात (१९६५) सरन्यायाधीश प्र. बा. गजेंद्रगडकर यांच्या पीठाने सार्वभौम अधिकाराचा बचाव मान्य करून भरपाई नाकारली. रुदुल साह (१९८३) व नीलाबती बेहेरा (१९९३) या निर्णयांनी मूलभूत हक्कांच्या भंगाबद्दल रिट याचिकेत भरपाईचा वेगळा मार्ग खुला केला. तेथे हा बचाव चालत नाही.

खर्च : न्यायालय शुल्क भरण्याची ऐपत नसल्यास आदेश ४४ खाली निर्धन म्हणून अपील करण्याची परवानगी मागता येते. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती व कोठडीत असलेले यांना उत्पन्नाची अट न लावता जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळू शकतो.