पिनबॉलचे चार पाय

उर्दूत खाटेच्या किंवा मेजाच्या पायाला 'पाया' म्हणतात. चार पायांची ती 'चारपाई'. जी वस्तू टिकते, डळमळत नाही, ती 'पायदार'. मराठीत हाच 'पाया' जमिनीखाली जातो आणि घर तोलून धरतो. फारसी 'पाय' आणि संस्कृत 'पाद' ही एकाच जुन्या कुळातली भावंडे. वर्गात हे शब्द फळ्यावर लिहिताना मला नेहमी वाटते की माणसाने टिकाऊपणाची कल्पना पायांवरूनच केली. तरी इतिहास लिहिताना आपण पायांकडे क्वचितच पाहतो. राजवाड्याचा कळस सांगतो, जोते सांगत नाही.

आज अशाच एका दुर्लक्षित पायाची गोष्ट सांगायची आहे. ती आपल्याकडची नाही, अमेरिकेची आहे. जुने पिनबॉल यंत्र दुरुस्त करणाऱ्या माणसाला तिथे एक प्रश्न हमखास पडतो: या यंत्राला मूळचे, बरोबर पाय कुठून आणायचे? वरवर हा सुतार-लोहाराचा प्रश्न वाटतो, पण त्याच्या उत्तरात एका देशाची मंदी, बंदी, महायुद्ध आणि कायदा एवढे सगळे येऊन बसले आहे.

ज्यांनी पिनबॉल पाहिले नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. काचेखाली पुढच्या बाजूला उतरता असलेला एक फळा असतो. स्प्रिंगचा दांडा ओढून सोडला की पोलादी गोळी वर जाते आणि अडथळ्यांवर आपटत, गुण मिळवत खाली येते. या खेळाचे मूळ अठराव्या शतकातल्या फ्रान्समधल्या 'बगातेल' या मेजावरच्या खेळात आहे. 1871 मध्ये अमेरिकेत माँटेग्यू रेडग्रेव्ह यांनी सुधारित बगातेलचे पेटंट घेतले. काठीने गोळी ढकलण्याऐवजी स्प्रिंगचा दांडा आला तो तिथे.

या खेळाचा धंदा झाला तो मात्र मंदीच्या काळात. 1931 मध्ये शिकागोच्या डेव्हिड गॉटलिब यांनी 'बॅफल बॉल' नावाचे यंत्र बाजारात आणले. किंमत साडेसतरा डॉलर. एक पेनी टाकली की पाच-सात गोळ्या खेळायला मिळत. हाताला काम नसलेल्या माणसाला एका पेनीत काही मिनिटांचा विरंगुळा मिळे, आणि दुकानदाराला थोडी वरकमाई.

इथे पायांच्या दृष्टीने एक महत्त्वाची गोष्ट आहे. या पहिल्या यंत्रांना पायच नव्हते. ती छोट्या पेटीएवढी असत आणि दुकानाच्या किंवा दारूच्या गुत्त्याच्या काउंटरवर ठेवली जात. 1932 च्या सुमारास उत्पादकांनी त्यांना पाय जोडायला सुरुवात केली आणि खेळ काउंटरवरून जमिनीवर उतरला. पाय मिळाले तसे यंत्र मोठे होऊ शकले. पुढे त्यात वीज आली, दिवे आले, मागे उभा फलक आला. खेळणारा आता दुकानदाराचा गिऱ्हाईक म्हणून काउंटरशी उभा नव्हता; तो यंत्रासमोर दोन्ही हात टेकून उभा होता.

हात टेकले की हलवण्याचा मोह आलाच. पाय असलेले यंत्र उचलता येते, ढकलता येते, खालून ठोसाही मारता येतो. हॅरी विल्यम्स या रचनाकाराने लोकांना असे करताना पाहिले आणि 1930 च्या दशकातच त्यावर उपाय काढला. यंत्र जास्त हलले की खेळ बंद पडावा, अशी ती योजना. पुढे लोंबत्या वजनाचा 'टिल्ट' सर्वत्र रूढ झाला. म्हणजे पाय आले, त्यांच्यासोबत लबाडी आली, आणि लबाडीमागोमाग पहाराही आला.

हे पाय लाकडी होते. 1950 च्या दशकाच्या अखेरीपर्यंत बहुतेक यंत्रांच्या काचेच्या कडेच्या पट्ट्या आणि पाय लाकडाचेच असत. संग्राहक त्या यंत्रांना 'वुडरेल' म्हणतात. त्या पट्ट्यांवर आजही विझत्या सिगारेटींचे काळे डाग सापडतात. 1960 च्या आसपास पट्ट्या धातूच्या झाल्या आणि पायही पोलादी पत्र्याचे, काटकोनात दुमडलेले झाले. तेव्हा पाय पाहिला की यंत्राचा काळ साधारण कळतो. 1950 च्या यंत्राला चकचकीत क्रोमचे पाय दिसले, तर ते कुणीतरी नंतर बसवले असणार, असे समजायला हरकत नाही.

पण मूळचे लाकडी पाय इतके दुर्मीळ का? एक कारण साधे आहे. यंत्र हलवताना पाय काढावेच लागतात. प्रत्येक पायाला दोन बोल्ट, एकूण आठ. ते सोडवले की पेटी आडवी होऊन गाडीत जाते आणि पाय वेगळे बांधले जातात. ठिकठिकाणी यंत्रे लावणाऱ्या व्यावसायिकाच्या गोदामात अशा पायांचा ढीग पडे. नव्या जागी यंत्र लावताना हाताला येईल तो पाय जोडला जाई. शिवाय फरशी पुसताना पाणी लागून लाकूड कुजे, पत्रा गंजे. पाय हा बदलण्याचाच भाग मानला गेला.

दुसरे कारण साधे नाही. पिनबॉल हा जुगार आहे, असे अनेक शहरांचे मत होते. गोळी एकदा सुटली की खेळणाऱ्याच्या हातात फारसे काही उरत नसे, आणि काही यंत्रे रोख पैसे देत. लहान मुले जेवणाचे पैसे यात घालवतात, आणि धंद्यामागे गुन्हेगारी टोळ्या आहेत, अशी तक्रार होती. जानेवारी 1942 मध्ये न्यूयॉर्कचे महापौर फिओरेलो ला ग्वार्डिया यांनी बंदी आणली. पोलिसांनी हजारो यंत्रे जप्त केली. महापौर स्वतः हातोडा घेऊन यंत्रे फोडत असल्याची छायाचित्रे प्रसिद्ध आहेत. अमेरिका नुकतीच युद्धात उतरली होती, त्यामुळे यंत्रांतला धातू युद्धसामग्रीसाठी वळवण्यात आला. आणि लाकडी पाय? त्यांचे पोलिसांसाठी दंडुके केले गेले.

ज्या पायांवर गरिबाचा पेनीचा खेळ उभा होता, तेच पाय कायद्याच्या हातातली काठी झाले. बंदी योग्य होती की अयोग्य, यावर आजही वाद घालता येईल. जुगाराने घरे बुडतात, हे मी नाकारणार नाही. पण 1942 पूर्वीचे एखादे यंत्र स्वतःच्या मूळ पायांवर उभे दिसले, तर तो नुसता जुना खेळ राहत नाही. अशा पुष्कळ पायांच्या वाट्याला जे आले, त्यातून तो वाचला आहे.

पुढे 1947 मध्ये गॉटलिब कंपनीच्या 'हम्प्टी डम्प्टी' यंत्रात फ्लिपर आले. बटण दाबून गोळी परत वर मारण्याची सोय झाली आणि नशिबाच्या खेळात हुनर शिरला. तरीही न्यूयॉर्कची बंदी 34 वर्षे टिकली. 1976 मध्ये रॉजर शार्प या तरुण लेखकाने नगर परिषदेच्या समितीसमोर खेळून दाखवले. तयार ठेवलेल्या यंत्राबद्दल शंका घेतली गेली, म्हणून तो पर्यायी यंत्रावर खेळला. गोळी मधल्या मार्गानेच जाईल असे आधी सांगून त्याने दांडा ओढला, आणि गोळी तिथूनच गेली. बंदी उठली. त्या दिवशी यंत्र एका बाजूला कललेले असते तर तो नेम चुकला असता. हुनर सिद्ध व्हायलाही समतल पाय लागतात.

इथे गणिताचा मुद्दा येतो. जुन्या, संगणक नसलेल्या यंत्रांच्या फळ्याचा उतार साधारण 3.5 अंश धरतात. अलीकडच्या यंत्रांचा 6.5 अंश. 50 इंच लांबीच्या फळ्यावर 3.5 अंश म्हणजे मागची बाजू सुमारे 3 इंच उंच. मागचे पाय एक इंचाने लांब झाले तर उतार एका अंशाहून जास्त वाढतो, म्हणजे मूळ उताराच्या तिसऱ्या भागाइतका. गोळी वेगाने खाली येते, आणि ज्या संथ गतीसाठी खेळ आखला होता ती गती हरवते. आज बाजारात सर्रास मिळणारे साडेअठ्ठावीस इंची क्रोमचे पाय नंतरच्या बहुतेक यंत्रांना चालतात, म्हणून प्रत्येक जुन्या यंत्राला ते बरोबर ठरत नाहीत. पायांच्या तळाशी उंची कमी-जास्त करणारे स्क्रू असतात, पण ते फार बाहेर काढले तर यंत्र डुगडुगते.

मग बरोबर पाय शोधायचा कसा? जाणकार माणसे इतिहासकारासारखेच वागतात. आधी कंपनी, नाव आणि वर्ष निश्चित करतात. मग त्या काळची जाहिरातपत्रके पाहतात. पण त्यांवर पूर्ण भिस्त ठेवत नाहीत, कारण पत्रकात पुष्कळदा नमुन्याचे यंत्र असते, विकले गेलेले नव्हे. त्यानंतर पेटीचीच साक्ष काढतात. पायाखाली झाकलेला रंग उन्हाने उडालेला नसतो, त्यामुळे मूळ पायाची रुंदी आणि आकार तिथे छापल्यासारखा राहतो. बोल्टच्या दोन भोकांमधले अंतर मोजतात. नवा पाय बसत नाही म्हणून पेटीला नवे भोक पाडणे म्हणजे हस्तलिखिताच्या समासात आपलीच ओळ घुसडणे. शेवटी त्याच नावाचे दुसरे यंत्र कुणाकडे असेल तर त्याचे पाय मापतात, आणि चार पायांपैकी एक जरी मूळचा उरला असेल तर त्यावरून उरलेले तीन घडवून घेतात.

असे घडवलेले पाय असली की नकली? माझ्या मते फरक लाकडात नाही, सांगण्यात आहे. माप बरोबर असेल आणि पेटीच्या आतल्या बाजूला 'हे पाय अमुक वर्षी नवे केले' अशी चिठ्ठी लावलेली असेल, तर ती प्रामाणिक दुरुस्ती. जुनाट रंग फासून तेच पाय मूळचे म्हणून विकले, तर ती बनावट. पडक्या वास्तूचा खांब बदलताना, जुन्या पोथीचे फाटके पान जोडताना हाच नियम लागतो. हरवलेले भरून काढायला हरकत नाही, पण ते हरवले होते ही गोष्ट पुसून टाकू नये.

आपल्याकडे जुन्या वस्तूंचे जतन म्हणजे बहुधा रंगरंगोटी. दिसते ते चकाकले की काम झाले. दूर देशातला एक कारागीर पेटीखाली आडवा पडून, टॉर्चच्या उजेडात, दोन भोकांमधले अंतर तीन-तीनदा मोजतो, आणि तेही अशा भागासाठी जो खेळणाऱ्याच्या नजरेस पडतही नाही. पायदार हा शब्द मुलांना शिकवताना मी आता चारपाईसोबत हे उदाहरणही देतो.