रोपित विद्युत् अग्रांच्या धातूची निवड

शरीरात कायम ठेवावयाच्या विद्युत् अग्रासाठी कठीण व न गंजणारा धातू पुरेसा होईल, ही अपेक्षा आरंभी स्वाभाविक होती. शस्त्रक्रियेत रुळलेले अगंज पोलाद म्हणूनच प्रथम पुढे आले. १९५९ मध्ये अमेरिकेतील मिनेसोटात हंटर व रॉथ यांनी हृदयावर बसविलेल्या अग्राचे दोन्ही काटे पोलादाचेच होते.

परंतु स्वस्थ पडलेला धातू आणि प्रवाह वाहणारा धातू यांची कसोटी एक नव्हे. धातूत इलेक्ट्रॉन वाहतात, तर शरीरद्रवात आयन. या दोहोंच्या सीमेवर घडणारी रासायनिक क्रिया उलटविता आली नाही, तर धातू विरघळतो किंवा पाण्याचे विघटन होते. पोलादाचे रक्षण करणारा ऑक्साइडाचा पातळ थर धन प्रवाहाने भंगू शकतो. उत्तम वाहक असलेली चांदी तर मेंदूच्या ऊतींना अपायकारक ठरते.

या प्रश्नाची दुसरी बाजू १९५५ मध्ये जॉन लिली व त्यांचे सहकारी यांनी दाखविली. एका दिशेच्या अल्पकालिक स्पंदापाठोपाठ तितकाच विरुद्ध स्पंद दिल्यास मेंदूस इजा टळते, असे त्यांना आढळले. या पद्धतीस प्लॅटिनम विशेष अनुकूल, कारण त्याच्या पृष्ठभागावरील हायड्रोजन व ऑक्साइड यांचे थर पुष्कळ अंशी उलटविता येतात. प्लॅटिनम मऊ असल्याने त्यात बहुधा १० टक्के इरिडियम मिसळतात. तथापि त्यालाही मर्यादा आहे. रोझ व रॉबली यांनी १९९० मध्ये ०.२ मिलिसेकंदाच्या स्पंदासाठी ती दर चौरस सेंटिमीटरास ५० ते १५० मायक्रोकूलोम अशी निश्चित केली.

हा विषय महाराष्ट्रासही परका नाही. केंद्र शासनाच्या साहाय्य योजनेत २०१४ पासून कर्णबधिर बालकांसाठी कॉक्लिअर इम्प्लांटची तरतूद असून मुंबईची अली यावर जंग राष्ट्रीय संस्था त्या कार्याची मध्यवर्ती संस्था आहे. औंढा नागनाथसारख्या गावातील बालकाच्या कानात बसविलेल्या प्लॅटिनमच्या अग्रांना अनेक दशके काम करावे लागेल. अशा रोपणांनंतर अंतर्कर्णाच्या ऊतींत प्लॅटिनमचे सूक्ष्म कण आढळल्याचे अलीकडील अभ्यास सांगतात.

तात्पर्य, टिकाऊपणा हा एकट्या धातूचा गुण नव्हे. धातू, त्याचे पृष्ठफळ आणि त्यातून जाणारा स्पंद यांचा विचार एकत्रच केला पाहिजे.