रेघ आधी, यंत्र मागाहून

विजेची करवत घ्यायला निघालेला नवशिका पहिला प्रश्न विचारतो तो असा: स्वस्तात चांगली कोणती? हे पुस्तक त्याआधीच्या प्रश्नापासून सुरू होते: कापायचे काय? रेघ सरळ की वळणाची, लाकूड किती जाड, कापल्यावर ते रंध्याखाली जाणार की पटाशीखाली, एवढे ठरले की निम्मी यंत्रे आपोआप बाद होतात.

यंत्राइतकेच पात्यालाही महत्त्व आहे, याला इतिहासाची साक्ष आहे. विल्यम न्यूबेरी यांनी १८०८ मध्ये लंडनला बँडसॉचे पेटंट घेतले, पण सांध्यात न तुटणारे पाते बनवता येत नसल्याने ही करवत कित्येक वर्षे फारशी वापरात आली नाही. १८४६ मध्ये फ्रान्सच्या अॅन पोलीन क्रेपँ यांनी पात्याची टोके पक्की जोडण्याची रीत शोधली, तेव्हा कुठे तिचा मार्ग मोकळा झाला.

कमी खर्चात पहिली करवत घ्यायची तर आमचे मत जिगसॉला. सरळ रेघ, वळण, फळीच्या मधले भोक, सगळे तिला जमते. तिच्या बहुतेक पात्यांचे दाते वर वळलेले असतात. कापताना पाते वर ओढले जाते आणि ढलप्या वरच्या अंगाला उडतात. म्हणून प्लायची चांगली बाजू खाली ठेवावी आणि रेघ मागच्या बाजूला आखावी. जाड लाकडात मात्र हे पाते वाकते. वर रेघेवर चाललेला काप खाली भलतीकडे निघतो.

मूर्तिकामाचा ठोकळा म्हणूनच बँडसॉकडे जातो. समोरची आणि बाजूची अशा दोन्ही आकृत्या कापून घेतल्या की तासण्याचे निम्मे कष्ट वाचतात. ती परवडत नसेल, तर जवळच्या वखारीतून काप मारून आणावा. ग्राइंडरचे गार्ड काढून त्यावर दातेरी पाते चढवण्याची स्वस्त युक्ती मात्र कुणीही करू नये. पाते अडकले की यंत्र हातातून उसळते आणि इजा गंभीर होते.

लाकूडही विचारपूर्वक निवडावे. सावंतवाडीच्या खेळण्यांसाठी कारागीर पूर्वापार पांगारा वापरत आले, कारण तो हलका आणि मऊ. नवशिक्यानेही हात बसेपर्यंत मऊ लाकूडच घ्यावे. सागवानाची घाई नको.

पुढच्या प्रकरणांत एकेक करवत, तिची पाती आणि तिचे धोके क्रमाने येतील. क्रम मोडून वाचले तरी चालेल, पण खर्चाचा हिशेब आमच्या क्रमाने करावा: आधी चांगली पाती, दोन क्लॅम्प, गॉगल आणि भुशासाठी मास्क, उरलेल्या पैशांत यंत्र. साध्या यंत्राला धारदार पाते लावले आणि लाकूड घट्ट आवळले, तर काम नीट होते. बोथट पाते आणि हलणारी फळी असेल, तर महागडे यंत्रही हात टेकते.