पद्मिनीला पेट्रोलचा वास येतो तेव्हा

"गारी वास मारते रे," काका म्हणाले.

गाडी म्हणजे १९८६ची प्रीमियर पद्मिनी. मानकोलीत आमच्या भातशेताच्या जागी आता गोदामं आहेत. त्यांच्या भिंतीला टेकून एक पत्र्याची शेड उरलीय, तिच्यात ती उभी असते. खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षं चालते आणि मग दर पाच वर्षांनी आरटीओला दाखवून ती वाढवून घ्यावी लागते. २००१, ०६, ११, १६, २१ अशी ती दर वेळी पास झाली. आता २०२६. पेट्रोल गळणारी गाडी तिथे नेण्यात अर्थ नव्हता. घरात "भंगारात द्या" असं म्हणणारे दोघं होतेच. त्यातला एक मी.

बॉनेट उघडलं तर कार्बोरेटरचं अंग ओलं होतं. मी कोड लिहून पोट भरतो, कार्बोरेटर आयुष्यात पहिल्यांदाच जवळून पाहत होतो. भिवंडीहून आलेल्या उस्तादांनी आधी बॅटरीची वायर काढली, मला मोबाइल लांब ठेवायला सांगितला आणि मग म्हणाले, "संडासाची टाकी पाहिलीय ना? तेच आहे हे."

खरंच तेच आहे. फ्लशच्या टाकीत पाणी चढलं की चेंडू वर येतो आणि नळ बंद करतो. इथे चेंडूच्या जागी पितळेचा पोकळ फ्लोट असतो आणि नळाच्या जागी एक सुई. पंप पेट्रोल ढकलतो, वाटी भरते, फ्लोट वर येतो, सुई आपल्या जागेवर बसते आणि पेट्रोल थांबतं. सुई नीट बसली नाही, की पेट्रोल वाहू लागतं. गॅरेजच्या भाषेत, गाडी ओव्हरफ्लो मारते. जर्मनीत विल्हेल्म मायबाखने १८९३च्या सुमारास असा फ्लोट आणि फवारा मारणारा जेट एकत्र आणला. हंगेरीत बांकी आणि चोंका या दोघांनीही त्याच वर्षी तेच केलं होतं. पहिलं कोण, यावर अजून वाद घालता येतो. मला आवडलं ते हे, की एकही ओळ कोड नाही आणि तरी यंत्र स्वतःचं स्वतः थांबतं.

ही गाडी आपल्याकडे आली सोलापूरच्या वालचंद हिराचंदांमुळे. त्यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली आणि कुर्ल्याच्या कारखान्यात १९४७पासून डॉज, डिसोटो, प्लायमाउथ जोडायला सुरुवात झाली. पुढे फियाटशी करार झाला. १९५३च्या सुमारास सरकारने सांगितलं, की नुसते सुटे भाग आणून जोडणाऱ्यांनी गाशा गुंडाळावा, इथे बनवायची तयारी असेल त्यांनीच राहावं. फोर्ड आणि जनरल मोटर्स गेल्या. प्रीमियर राहिली. १९५४ साली फियाट ११००, १९६४ साली तिचं डिलाइट रूप, आणि फियाटचा परवाना संपल्यावर तीच गाडी थोडा काळ प्रेसिडेंट आणि १९७४पासून पद्मिनी. नाव चितोडच्या राणीचं, इंजिन तेच १०८९ सीसीचं.

लायसन्स राजला आपण शिव्या देतो आणि त्या बरोबरच आहेत. लोक गाडी बुक करून वर्षानुवर्षं थांबायचे आणि शेवटी हातात यायची ती बापाच्या काळातलीच गाडी. पण त्या न बदलण्याचा एक उलटा परिणाम झाला. १९६४च्या गाडीवर हात बसलेल्या मेकॅनिकला १९९४च्या गाडीत नवीन काही शिकायला लागलं नाही. मुंबईतल्या काळ्या-पिवळ्या टॅक्सींनी तर या एका गाडीवर मेकॅनिकांची पिढीच पोसली. आमचे उस्ताद त्यातलेच.

त्यांनी पॅकिंग बदललं, तरी गळती तशीच. सुई बदलली, तरी थेंब येतच होता. मग त्यांनी फ्लोट कानाशी धरून हलवला आणि माझ्या कानाशी नेला. आत पेट्रोल खळखळत होतं. फ्लोट बाहेरच उन्हात ठेवून आतलं पेट्रोल उडू दिलं, मग तो गरम पाण्यात बुडवला. सांध्यातून बारीक बुडबुडे येऊ लागले. डाग दिला, म्हणजे झाळलं. मला वाटलं झालं काम. पण डाग दिल्याने फ्लोटचं वजन वाढतं, जड फ्लोट पेट्रोलात जास्त बुडतो, उशिरा वर येतो आणि वाटी पुन्हा जास्त भरते. उस्तादांनी कानसने जादा डाग घासून काढला आणि सुईच्या सीटखाली जरा जाड वॉशर घातला, म्हणजे सुई थोडी खाली येऊन आधी बंद होईल. हे वजन-मापाचं गणित त्यांनी काहीही न मोजता केलं.

दुसरी गळती रबरी पाइपातून होती. तिला भेगा गेल्या होत्या. वय हे एक कारण, आणि दुसरं पंपावर मिळणारं पेट्रोल. १ फेब्रुवारी २०००पासून देशभर शिशाचं पेट्रोल बंद झालं. त्याच सुमारास प्रदूषणाचे नियम कडक झाले, फ्युएल इंजेक्शन आलं आणि पद्मिनीचं उत्पादन थांबलं. २००३पासून महाराष्ट्रासह काही राज्यांत पेट्रोलमध्ये ५ टक्के इथेनॉल मिसळू लागलं. २०२२ साली ते १० टक्के झालं, आता २०. इथेनॉल पाणी ओढून घेतं आणि जुन्या रबराला सोसत नाही. कुर्ल्यात ही पाइप बसवणाऱ्याला हे कुठून कळणार?

आपल्याकडचं इथेनॉल मोठ्या प्रमाणात उसातून येतं. आणि महाराष्ट्रात खाजगी साखर कारखानदारी उभी करणाऱ्यांत वालचंद होतेच: इंदापूरजवळचं वालचंदनगर आणि मालेगावजवळचं रावळगाव, ज्याच्या गोळ्या आपण सगळ्यांनी खाल्ल्या आहेत. मानकोली नाक्यावरून जाणारा हाच हायवे नाशिकवरून मालेगावकडे जातो. वालचंद १९५३ साली गेले. त्यांनी लावलेली गाडी आणि त्यांनी लावलेला ऊस आमच्या शेडमधल्या वाटीभर पेट्रोलात एकमेकांशी भांडतील, असं त्यांच्या स्वप्नातही आलं नसेल.

आम्ही इथेनॉल चालणारी नवी पाइप घातली. मग काका, उस्ताद आणि मी मोठागावच्या पुलावरून डोंबिवलीला चक्कर मारून आलो. खाडीचा वारा, स्टिअरिंगवरचा गिअर, आणि मागून हॉर्न मारणारे टेम्पो. मुंबईत टॅक्सी म्हणून नोंदलेल्या शेवटच्या पद्मिनीची वीस वर्षं ऑक्टोबर २०२३मध्येच संपली होती. पुलावर एका मुलाने गाडी थांबवून फोटो काढला. मी भंगाराबद्दल गप्प राहिलो.

रात्री गाडीखाली जुना पेपर अंथरला. सकाळी कार्बोरेटरखालचा भाग कोरडा होता. मागच्या बाजूला मात्र रुपयाएवढा काळा डाग होता. मी काकांना हाक मारली.

"ते ऑइल," काका वाकून म्हणाले. "ते पहिल्यापासूनच हाय."