लव्हक्राफ्टच्या भयकथा आणि वंशद्वेष

अमेरिकन भयकथाकार हॉवर्ड फिलिप्स लव्हक्राफ्ट (२० ऑगस्ट १८९०–१५ मार्च १९३७) याच्या अनेक कथांत भीती उपजते ती वंशद्वेषातूनच. म्हणून तो वगळून त्या कथा नीट समजत नाहीत. १९२४ ते १९२६ या काळात तो न्यूयॉर्कमधील ब्रुकलिन येथे राहिला. तिथल्या स्थलांतरितांविषयीची त्याची घृणा १९२५ मध्ये लिहिलेल्या ‘द हॉरर ॲट रेड हुक’ या कथेत उघड दिसते : परदेशी चेहऱ्यांची वस्ती म्हणजेच सैतानी पंथाचा अड्डा. ‘द शॅडो ओव्हर इन्समथ’मध्ये (१९३६) हीच घृणा रूपकात शिरते. माणसे आणि समुद्री प्राणी यांच्या संकरातून झालेल्या संततीला भिणाऱ्या निवेदकाला अखेर कळते, की तेच रक्त आपल्याही अंगात आहे. रक्ताची भेसळ हेच इथे भयाचे मूळ आहे.

त्या काळी सगळेच असा विचार करत, हा बचाव टिकत नाही. मानवशास्त्रज्ञ फ्रान्झ बोआस यांनी वांशिक श्रेष्ठत्वाच्या कल्पनेचे खंडन १९११ मध्येच ग्रंथरूपाने केले होते. लव्हक्राफ्टची पत्नी सोनिया ग्रीन स्वतः ज्यू होती. तरीही त्याचा ज्यूद्वेष गेला नाही. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे : अथांग विश्वात माणूस नगण्य आहे, हे त्याचे मुख्य सूत्र वंशाशी बांधलेले नाही. ‘द कलर आउट ऑफ स्पेस’ (१९२७) ही कथा त्याची साक्ष देते, आणि तेवढे श्रेय त्याला द्यायलाच हवे. मात्र एका कथेचे मोठेपण दुसरीतले विष उतरवत नाही.

‘वर्ल्ड फॅन्टसी’ पुरस्काराचे स्मृतिचिन्ह म्हणून लव्हक्राफ्टचा अर्धपुतळा दिला जाई. २०११ च्या विजेत्या, नायजेरियन वंशाच्या लेखिका नेडी ओकोराफोर यांनी त्यामागची वेदना मांडली आणि २०१५ मध्ये ते चिन्ह बदलण्याचे ठरले. पुण्यात जन्मलेले लव्हक्राफ्टचे चरित्रकार एस. टी. जोशी यांनी निषेध म्हणून आपले पुरस्कार परत केले. परंतु सन्मानचिन्ह बदलणे म्हणजे पुस्तक जाळणे नव्हे. लेखक वाचनात राहतो, फक्त पूजेतून उतरतो. व्हिक्टर लाव्हॅल या कृष्णवर्णीय लेखकाने ‘द बॅलड ऑफ ब्लॅक टॉम’मध्ये (२०१६) रेड हुकचीच कथा कृष्णवर्णीय नायकाच्या नजरेतून नव्याने रचली. लव्हक्राफ्ट वाचावा, पण त्याने ज्यांना राक्षस ठरवले ती माणसे होती, हे ध्यानात ठेवूनच.