परतीची तारीख नसलेला करार

२९ जुलै १९८७ रोजी कोलंबोत राजीव गांधी आणि श्रीलंकेचे अध्यक्ष जयवर्धने यांनी ज्या करारावर सह्या केल्या, त्यातल्या काही मुदती तासांत मोजलेल्या होत्या. ४८ तासांत लढाई थांबवायची, त्यानंतर ७२ तासांत तमीळ संघटनांनी शस्त्रं खाली ठेवायची, वर्ष संपायच्या आत प्रांतिक परिषदांच्या निवडणुका घ्यायच्या. शस्त्रसंधी टिकवण्यासाठी गरज पडली तर श्रीलंकेच्या अध्यक्षांनी भारतीय शांतिसेनेला बोलवावं, हेही जोडपत्रात होतं. ती सेना परत कधी येणार, याविषयी मात्र एक अक्षर नव्हतं. पुढच्या ३२ महिन्यांत जे घडलं, त्यातलं बरंचसं या न लिहिलेल्या ओळीतून आलं, असं मला वाटतं.

सेना गेली ती दोन लढणाऱ्यांच्या मधे उभी राहायला. ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात तीच सेना तमीळ वाघांशी, म्हणजे एलटीटीईशी, लढू लागली. जाफना विद्यापीठाच्या मैदानावर रात्री हेलिकॉप्टरमधून उतरवलेल्या ३० शीख जवानांपैकी २९ मारले गेले. २५ नोव्हेंबरला ८ महारचे मेजर रामस्वामी परमेश्वरन पडले. जन्माने ते मुंबईचे; या मोहिमेतलं एकमेव परमवीरचक्र त्यांचं. बोलावणं शस्त्रसंधी राखण्यासाठीचं होतं आणि आता राखायला शस्त्रसंधीच उरला नव्हता. काम बदललं, की सैन्य पाठवण्याचा निर्णय नव्याने घ्यावा लागतो: नव्या कामासाठी किती काळ थांबायचं, आणि ते जमलं नाही तर काय? त्या ऑक्टोबरात हे प्रश्न सुटले नाहीत; उलट तुकड्या वाढत गेल्या.

परतीचा प्रश्न सोडवण्याची दुसरी वेळ १९८९च्या जूनची. नवे अध्यक्ष प्रेमदासा यांनी जाहीरपणे मागणी केली, की २९ जुलैपर्यंत भारताने सेना काढून घ्यावी. दिल्लीचं उत्तर होतं, की सेनेची माघार आणि कराराची अंमलबजावणी बरोबरीनेच होईल. ही भूमिका पोकळ नव्हती. सेना निघाली तर ईशान्य प्रांतात निवडून आलेलं वरदराज पेरुमाळ यांचं सरकार कोसळेल, तमीळ जनता पुन्हा वाघ आणि लंकेचं लष्कर यांच्या कात्रीत सापडेल आणि जवानांचं बलिदान वाया जाईल, ही भीती खरी होती. सरकार खरोखरच कोसळलं आणि जून १९९०मध्ये युद्धही पुन्हा पेटलं. पण म्हणून थांबणं योग्य ठरत नाही. कराराची अंमलबजावणी कोलंबोच्या हातात होती, आणि कोलंबो तर त्याच सुमारास वाघांशी बोलणी करत होतं, त्यांना शस्त्रंही पुरवत होतं. आपल्या परतीची अट दुसऱ्याच्या मर्जीवर ठेवली, की त्याने मनावर घेईपर्यंत आपले जवान तिथे अडकतात. जूननंतरच्या नऊ महिन्यांनी कोसळणं लांबवलं, टाळलं नाही. आणि गेलेल्यांसाठी आणखी माणसं गमवायची, हा हिशेब तर मला कधीच पटलेला नाही.

यावर बांगलादेशातून सेना लवकर परत आणल्याचा दाखला देऊ नये, तिथे विजय मिळाला होता, असं म्हणतात. खरं तर विजयी सेनेलाच थांबण्याचा मोह अधिक होतो. १९७२च्या सुरुवातीला ढाक्यात सबबींना तोटा नव्हता: पूल उडवलेले, बंदुका गावोगाव पसरलेल्या, बिहारी मुस्लिमांच्या जिवाला धोका, प्रशासन नावापुरतं. ‘सगळं स्थिरस्थावर होईपर्यंत’ असं म्हटलं असतं, तर वर्षंच्या वर्षं निघून गेली असती. फेब्रुवारीत कोलकात्यात मुजीबुर रहमान आणि इंदिरा गांधी भेटले आणि २५ मार्चपर्यंतची मुदत ठरली. त्याआधीच, १२ मार्चला, ढाक्यात भारतीय सेनेचं निरोपाचं संचलन झालं. पाकिस्तानी सैन्याच्या शरणागतीला तेव्हा तीन महिनेही पुरे झाले नव्हते. पाच दिवसांनी इंदिराजी ढाक्याला गेल्या त्या पाहुण्या म्हणून.

श्रीलंकेतली शेवटची तुकडी २४ मार्च १९९० रोजी त्रिंकोमालीहून निघाली. अकराशेहून अधिक जवान परतलेच नाहीत. मद्रासला परतलेल्यांच्या स्वागताला राज्याचे मुख्यमंत्री करुणानिधी गेले नाहीत.