मॅगव्हील बदलली, पण डॅशबोर्डवरचा दिवा विझेना!

मोटारीला नवी मॅगव्हील बसविण्याची हौस मुंबईच्या उपनगरांना नवी नाही. अंधेरी-बोरिवली असो वा घाटकोपर-मुलुंड, टायरविक्रेत्यांच्या दुकानांत चकचकीत चाकांच्या उतरंडी रचलेल्या दिसतात. मात्र चाके बदलून मोटार रस्त्यावर आली की अनेकदा डॅशबोर्डवर उद्गारचिन्हाचा पिवळा दिवा लागतो. हवा तर नुकतीच भरलेली. मग हा इशारा कशाचा?

दिव्यामागचा इतिहास

अमेरिकेत २००० साली फायरस्टोन टायर व फोर्ड एक्सप्लोरर मोटारींच्या अपघातांचे प्रकरण गाजले. त्याच वर्षी तेथे कायदा झाला आणि सप्टेंबर २००७ पासून सर्व नव्या हलक्या वाहनांना हवेच्या दाबाची सूचना देणारी यंत्रणा सक्तीची ठरली. भारतात २०२० साली केंद्रीय मोटार वाहन नियमांत दुरुस्ती झाली. ट्यूबलेस टायर, ही यंत्रणा आणि पंक्चर काढण्याचा संच असलेल्या साडेतीन टनांपर्यंतच्या वाहनांना स्टेपनी बाळगण्याच्या अटीतून सूट मिळाली. अशा मोटारीत हा दिवा निकामी होणे म्हणजे पहारेकरीच झोपी जाणे होय.

यंत्रणा कोणती, ते पाहा

पहिल्या प्रकारात प्रत्येक चाकाच्या आत, व्हॉल्व्हला जोडलेला सेन्सर असतो. तो दाब मोजून रेडिओलहरींद्वारे मोटारीच्या संगणकाला कळवितो. जुनी चाके दुकानात राहिली की सेन्सरही तेथेच राहतात. दुसऱ्या प्रकारात चाकात काहीच नसते. हवा कमी झालेले चाक किंचित लहान होऊन अधिक वेगाने फिरते. हा फरक एबीएसच्या सेन्सरवरून ओळखला जातो.

दिव्याची भाषाही समजून घ्यावी. दिवा स्थिर असेल तर बहुधा हवा कमी आहे. मोटार सुरू केल्यावर तो मिनिटभर लुकलुकून मग स्थिर होत असेल, तर यंत्रणेतच बिघाड आहे किंवा तिला सेन्सर सापडत नाही.

उपाय काय?

चाकांत सेन्सर असल्यास ते जुन्या रिममधून काढून नव्या रिमवर बसविता येतात. मात्र नव्या रिमचे व्हॉल्व्हचे छिद्र व आतील आकार त्यास जुळला पाहिजे. टायर उतरविताना सेन्सर तुटू शकतो, म्हणून कारागिराला आधीच कल्पना द्यावी. रबरी सील नवे घालावे. सेन्सरची बॅटरी साधारण पाच ते दहा वर्षे टिकते. मोटार जुनी असेल तर नवे सेन्सर घेणेच श्रेयस्कर. परदेशातून मागविताना लहरींची वारंवारता तपासावी. अमेरिकेत बहुधा ३१५, तर युरोपात व भारतात ४३३ मेगाहर्ट्झ वापरतात. त्यानंतर नव्या सेन्सरची संगणकाला ओळख करून द्यावी लागते. काही मोटारी थोडे अंतर चालल्यावर ती स्वतःच करून घेतात, तर काहींना त्यासाठी उपकरण लागते.

दुसऱ्या प्रकारात टायर थंड असताना योग्य हवा भरून, माहितीपुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे यंत्रणा ‘रिसेट’ करणे बहुधा पुरेसे ठरते. व्हॉल्व्हच्या टोपणावर बसणारे बाजारातील सेन्सर त्यांच्या स्वतंत्र पडद्यावर दाब दाखवितात; मूळ दिवा त्यांनी विझत नाही.

आकाराचे गणित

चाक मोठे केले तरी टायरचा एकूण व्यास जवळपास तोच राहिला पाहिजे. १९५/६५ आर १५ या टायरचा व्यास सुमारे ६३४ मिलिमीटर, तर २०५/५५ आर १६ चा सुमारे ६३२ मिलिमीटर भरतो. हा बदल नगण्य आहे. टायरची भारक्षमता मात्र मूळ टायरपेक्षा कमी नसावी. वाहनातील फेरबदलांना मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ ची मर्यादा आहे. त्यामुळे उत्पादकाने त्या मॉडेलसाठी मान्य केलेलेच माप निवडावे आणि विमा कंपनीलाही कळवावे.

दिव्यावर चिकटपट्टी लावणे हा उपाय नव्हे. अमेरिकी नियमानुसार दाब २५ टक्क्यांनी घटल्यावर इशारा मिळतो; म्हणजे ३३ पीएसआयच्या टायरमध्ये जेमतेम २५ उरल्यावर. कमी हवेचा टायर अधिक वाकतो, तापतो आणि द्रुतगती मार्गावर भरवेगात फुटू शकतो. म्हणून दिवा चालू असो वा नसो, महिन्यातून एकदा आणि खंडाळ्याचा घाट चढण्यापूर्वी न चुकता पेट्रोल पंपावर दाब मोजून घ्यावा.